बोटीच्या तळाचा रंग खरोखर कितीला पडतो? हिशेब असा मांडा

दोन-तीन रंगांचे लिटरचे भाव विचारायचे, त्यातला स्वस्त डबा उचलायचा आणि तुलना झाली म्हणायचं, हे मी दर हंगामात पाहतो. पुढच्या खेपेला तोच माणूस हातात स्क्रेपर घेऊन पोपडे काढत असतो आणि एवढा खर्च कसा झाला म्हणून विचारतो. लिटरचा भाव हा या हिशेबातला सर्वांत सोपा आकडा आहे, म्हणूनच सगळे त्याला चिकटतात. आपल्याला हवा असलेला आकडा वेगळा: तळ एक वर्ष स्वच्छ ठेवायला सगळं धरून किती लागतं?

खालच्या उदाहरणांत कुठलंही चलन नाही, नुसते ‘एकक’ आहेत. ते आकडे पद्धत कळावी म्हणून घेतलेत, बाजारभाव म्हणून वाचू नका. स्वतःचे दर घाला आणि टप्पे याच क्रमाने करा. पहिले तीन टप्पे गाळून थेट भावावर उडी मारली की पुढचं सगळं गणित चुकीच्या पायावर उभं राहतं.

टप्पा १: बोट कशी वापरता ते आधी लिहा

रंगाचं नावही काढायच्या आधी वहीत पाच गोष्टी लिहा: तळ कशाचा आहे (फायबर, पोलाद, ॲल्युमिनियम, लाकूड), बोट खाऱ्या पाण्यात असते की गोड्या, महिन्यात किती दिवस चालते, नेहमीचा वेग किती, आणि रंगाव्यतिरिक्त कुठल्या कारणाने ती किती वर्षांनी वर काढावीच लागते. पाचवी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत. पुढे टप्पा ७ मध्ये अर्धा निकाल तीच लावते.

सावध: तळ ॲल्युमिनियमचा असेल तर क्युप्रस ऑक्साइड (तांब्याचं संयुग) असलेले अँटिफाउलिंग, म्हणजे तळावर शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणूनचे रंग, यादीतून आत्ताच काढून टाका. रंगातलं तांबं आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की गॅल्व्हॅनिक गंज सुरू होतो आणि खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. अशा तळासाठी कॉपर थायोसायनेटचे किंवा बिनतांब्याचे रंग असतात. फळ्या जोडलेल्या लाकडी बोटीवर कडक इपॉक्सीचा जाड थर देण्याआधीही थांबा. लाकूड फुगतं-आक्रसतं, इपॉक्सी हलत नाही, आणि सांध्यांवर तडे जातात.

टप्पा २: तळ मोजा, अंदाज करू नका

पाण्याखालच्या भागाचं क्षेत्रफळ काढायला एक जुनं ठोकताळ्याचं सूत्र पुरतं. पाणरेषेवरची लांबी × (रुंदी + खोली). खोली म्हणजे बोट पाण्यात किती बुडते ते. भरदार तळाच्या मोटारबोटीला हाच आकडा घ्या. मध्यम घडणीच्या शिडाच्या बोटीला त्याला ०.७५ ने गुणा, आणि सडपातळ, पंखासारखी कील (तळाच्या मध्यावरून खाली उतरणारा भाग) असलेल्या हलक्या बोटीला ०.५ ने.

पुढच्या सगळ्या गणितासाठी एक बोट धरू. पाणरेषेवर लांबी १० मीटर, रुंदी ३.२, खोली १.२, घडण मध्यम. १० × ४.४ × ०.७५ = ३३ चौरस मीटर.

नेहमीची चूक म्हणजे बोटीची एकूण लांबी धरणं. नाळेचा (बोटीच्या पुढच्या टोकाचा) पुढे आलेला भाग पाण्यात नसतो, पण रंगाची ऑर्डर मात्र त्याचीही जाते. उलट चूकही होते: सुकाणू मोजायचं राहतं आणि शेवटचा डबा तिथेच कमी पडतो.

टप्पा ३: आधीचा रंग काय आहे ते तळालाच विचारा

नवा रंग किती टिकेल हे खालच्या थरावर ठरतं. जुनी बिलं नसली तरी तीन साध्या तपासण्या पुरतात.

पहिली, ओल्या फडक्याने जोरात घासा. फडक्यावर रंग उतरला तर वरचा थर बहुधा झिजणारा, म्हणजे पाण्यात हळूहळू विरत जाणारा आहे. कोरडाठाक राहिला तर कडक असण्याची शक्यता जास्त. दुसरी, ब्लेडने बारीक चौकटी पाडा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. चौकटी पट्टीबरोबर आल्या तर त्यावर कुठलाही महागडा रंग लावणं म्हणजे सुटलेल्या भिंतीला सफेदी. तिसरी माझी आवडती. बशीएवढ्या जागेवर पाणी मारत ओल्या सँडपेपरने मधोमध खोल आणि कडेला उथळ असं घासत जा. जुने थर एकात एक वर्तुळांसारखे दिसू लागतात: निळा, लाल, परत निळा, करडा प्रायमर. वर्तुळं मोजा. सात-आठ निघाली आणि कडा ठिसूळ असतील, तर तळ पूर्ण खरवडण्याचा खर्च आज ना उद्या तुमचाच आहे. तो आत्ताच वहीत लिहा.

सावध: जुना रंग कोरडा घासू नका. ती धूळ विषारी असते. ओलं घासा किंवा व्हॅक्यूम जोडलेलं सँडर वापरा, मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरा, आणि गोळा झालेल्या कचऱ्याच्या विल्हेवाटीचा खर्च हिशेबात धरा. फार जुन्या बोटीवर खालच्या थरांत ट्रायब्युटिल टिन हे विषारी कथिल-संयुग असू शकतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा त्यावर बंदी घालणारा करार २००८ पासून लागू आहे. सायब्युट्रिन हे शेवाळ मारणारं रसायन असलेले रंग लावण्यावरची बंदीही १ जानेवारी २०२३ पासून त्यात आली. स्वस्तात मिळणारा जुना साठा घेण्याआधी डब्यावरची घटकांची यादी वाचा.

तपासा: तिन्ही तपासण्या पाणरेषेजवळ, मध्यावर आणि कीलजवळ अशा किमान तीन जागी केल्या का? एकाच जागेवरून निष्कर्ष काढू नका.

टप्पा ४: डेटाशीटमधले दोनच आकडे शोधा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

डब्यातला सगळा रंग तळावर राहत नाही. द्रावक उडून जातं, उरतात ते घन पदार्थ. डेटाशीटवर (कंपनीच्या तांत्रिक माहितीच्या कागदावर) ‘आकारमानाने घन पदार्थ’ किती टक्के आहेत ते शोधा. दुसरा आकडा शिफारस केलेल्या सुक्या थराची जाडी, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग). या दोन्हींवरून एक लिटर किती पसरेल ते निघतं:

घन पदार्थांची टक्केवारी × १० ÷ सुका थर (मायक्रॉन) = चौरस मीटर प्रति लिटर.

आता दोन रंग समोरासमोर ठेवू. ‘अ’ कडक अँटिफाउलिंग: घन पदार्थ ४० टक्के, लिटरला १०० एकक. ‘ब’ सेल्फ-पॉलिशिंग, म्हणजे झिजणारा: घन पदार्थ ६० टक्के, लिटरला १३६ एकक. डब्याच्या भावाने ‘ब’ एक तृतीयांशाहून महाग. पण १०० मायक्रॉनचा सुका थर द्यायचा तर ‘अ’ चा लिटर ४ चौरस मीटर जातो आणि ‘ब’ चा ६. म्हणजे चौरस मीटरला ‘अ’ २५ एकक आणि ‘ब’ साधारण २२.७. महाग डबा इथेच स्वस्त झाला, आणि आयुष्याचा प्रश्न आपण अजून काढलेलाही नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर ओला थर मोजायचा दातेरी कंगवा घ्या. तो ओल्या रंगात टेकवला की ज्या शेवटच्या दात्याला रंग लागतो, तेवढी जाडी. दोन्ही रंग कंगव्यावर १२५ मायक्रॉन दाखवत असले, तरी सुकल्यावर ‘अ’ चे ५० उरतात आणि ‘ब’ चे ७५.

सावध: ‘वजनाने घन पदार्थ’ हा आकडा घेऊ नका. तांबं जड असल्यामुळे तो नेहमी मोठा दिसतो, पण थराची जाडी आकारमानातून येते. तीच गोष्ट ‘तांबं इतके टक्के’ या जाहिरातीची. तांबं किती भरलंय यापेक्षा ते किती दिवस आणि किती वेगाने बाहेर येतं याला महत्त्व आहे, आणि ते रंगाच्या राळेवर (घटक धरून ठेवणाऱ्या चिकट भागावर) ठरतं.

सावध: डब्यावर ‘इतके चौरस मीटर पुरतो’ असं छापलेलं असतं, ते बहुधा एका हाताचं आणि कागदावरचं. रोलरमध्ये, ट्रेमध्ये, डब्याच्या तळाशी रंग राहतो. रोलर-ब्रशला मी २० टक्के घट धरतो. उघड्यावर, वाऱ्यात स्प्रे केला तर घट याहून बरीच जास्त असते.

टप्पा ५: पूर्ण सिस्टीम मोजा आणि डबे पुरते घ्या

‘अ’ ला एका वर्षासाठी १०० मायक्रॉन हवेत. ‘ब’ दोन वर्षांसाठी घ्यायचा आहे. झिजणाऱ्या रंगाची जाडी अशी ठरवा: महिन्याला झीज × महिने + राखीव थर. महिन्याला ५ मायक्रॉन धरले तर २४ महिन्यांना १२० आणि वर ३० राखीव, असे १५०.

योगायोगाने दोन्हींना रंग सारखाच लागतो: चौरस मीटरला ०.२५ लिटर. ३३ × ०.२५ ÷ ०.८ = १०.३ लिटर (०.८ हा २० टक्के घटीसाठी). डबे अडीच लिटरचे असतील तर चार पुरत नाहीत, पाच घ्यावे लागतात: १२.५ लिटर. हिशेब १२.५ चाच करा, कारण पैसे तेवढ्याचेच जातात. ‘अ’ १२५० एकक, ‘ब’ १७००. उरलेला रंग घरी ठेवून वाळवू नका. नाळेची धार, कीलची पुढची कड, सुकाणू आणि पाणरेषेची पट्टी इथे आणखी एक हात द्या. पाण्याचा मारा तिथे जास्त बसतो आणि रंग आधी तिथूनच संपतो.

प्रायमर, दोन रंग जुळत नसतील तर मधला टाय कोट, फायबरच्या तळाला पाणी शोषू नये म्हणून द्यायचे इपॉक्सीचे हात (एकूण साधारण २५० मायक्रॉन), थिनर, टेप, रोलर, सँडपेपर, हातमोजे हे सगळं ‘सिस्टीम’मध्ये येतं. दोन भागांच्या इपॉक्सीचा अर्धा मिसळलेला डबा उद्यासाठी ठेवता येत नाही हेही लक्षात असू द्या. ती नासाडी मोजा.

टप्पा ६: रंगाखेरीजचा खर्च

इथे मी भाव विचारताना नेहमी लेखी दरपत्रक मागतो. एकदा एका यार्डने क्रेनचा दर सांगितला, पण बोट जागेवर उभी करण्याचं रोजचं भाडं वेगळं आहे हे बिलातच कळलं. त्यात पाच दिवस पाऊस. रंगाला एकही हात न लावता भाडं चढत गेलं.

म्हणून वेगवेगळ्या ओळी करा: वर काढणं आणि परत सोडणं, उभं राहण्याचं भाडं (हवामानाचे दोन-तीन दिवस जास्तीचे धरून), प्रेशर वॉश, घासाई, रंगाई, कचरा. बोट कमाईची असेल तर बुडालेले दिवसही. स्वतः काम करत असाल तरी तासांची किंमत लावा, नाहीतर दर वर्षी रंगवावा लागणारा रंग फुकट वाटत राहतो.

आपल्या बोटीला एका खेपेचे आकडे असे धरू: वर काढणं आणि भाडं १५००, मजुरी १२००, किरकोळ सामान २५०. म्हणजे ‘अ’ ची एक खेप ४२०० आणि ‘ब’ ची ४६५०. ‘अ’ च्या ४२०० मध्ये रंग १२५० चा आहे, शंभरात तीसच्या आसपास. दुकानदाराशी घासाघीस करून रंगावर दहा टक्के सुटले तरी एकूण खर्चात तीनच टक्के फरक पडतो.

टप्पा ७: सगळ्यांना एकाच मुदतीवर आणा

एक वर्षाचा, दोन वर्षांचा आणि सहा वर्षांचा रंग थेट शेजारी ठेवता येत नाहीत. तिन्ही मुदती पूर्ण बसतील असा काळ घ्या. इथे सहा वर्षं. तिसरा पर्याय ‘स’ धरू, सिलिकॉनचा फाउल-रिलीज. हा जीव मारत नाही, त्यांना घट्ट धरू देत नाही.

‘अ’: सहा खेपा × ४२०० = २५,२००. कडक रंग झिजत नाही, थरावर थर चढत जातो, म्हणून शेवटी पूर्ण खरवडणं ४०००. एकूण २९,२००, वर्षाला सुमारे ४,८६७.

‘ब’: तीन खेपा × ४६५० = १३,९५०. वर्षाला २,३२५.

‘स’: सुरुवातीला जुना रंग पूर्ण काढणं ४०००, सामान ४५००, वर काढणं १५००, मजुरी २५००, किरकोळ ४००, मिळून १२,९००. ॲनोड (तळाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा) बदलायला आणि पाहणीला दुसऱ्या व चौथ्या वर्षी वर काढणं ३०००, ओरखड्यांची दुरुस्ती ६००. एकूण १६,५००, वर्षाला २,७५०.

आता टप्पा १ मधली पाचवी ओळ काढा. बोट दर वर्षी दुसऱ्या कारणाने वर निघणारच असेल, तर ते १५०० रंगाच्या खात्यावर टाकू नका. मग ‘अ’ २०,२००, ‘ब’ ९,४५०, ‘स’ १२,०००. क्रम तोच राहिला, पण ‘अ’ आणि ‘ब’ मधलं अंतर १५,२५० वरून १०,७५० वर आलं. तुमची मजुरी कमी असेल तर ते आणखी आकसेल.

सावध: आयुष्याचा आकडा विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नका. तुमच्याच धक्क्यावर, तुमच्याइतक्याच चालणाऱ्या दोन बोटी वर निघताना जाऊन बघा. कडक अँटिफाउलिंग बराच काळ पाण्याबाहेर राहिलं की त्याचा प्रभाव मंदावतो. सहा महिने पाण्यात आणि सहा महिने जमिनीवर असणाऱ्या बोटीला त्याचं छापील आयुष्य लागू पडत नाही.

तपासा: ‘ब’ चं आयुष्य दोनऐवजी दीड वर्ष निघालं तर? सहा वर्षांत चार खेपा, १८,६००. मग ‘स’ स्वस्त ठरतो. निकाल एवढ्याने उलटत असेल तर तो आकडा पक्का केल्याशिवाय रंग मागवू नका.

टप्पा ८: इंधन, पण बरोबरीचा बिंदू काढून

तळावरचा बुळबुळीत थरही ओढ वाढवतो, बार्नेकल (तळाला घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) तर फारच. अमेरिकी नौदलाच्या अर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकांवरचा २०११ मधला अभ्यास सांगतो की तळ घाण झाल्याचा मुख्य खर्च जादा इंधनाचा असतो, साफसफाई आणि रंगाईचा खर्च त्यापुढे खूपच लहान. विक्रेते हेच तुमच्या बोटीला लावून दाखवतात. पण विनाशिका किती चालते आणि तुमची बोट किती?

म्हणून ‘इतकं इंधन वाचेल’ हे मान्य करण्याऐवजी उलटं विचारा: किती वाचलं तर बरोबरी होईल? मूळ हिशेबात ‘स’ हा ‘ब’ पेक्षा सहा वर्षांत २,५५० ने महाग आहे, म्हणजे वर्षाला ४२५. वर्षाचं इंधन ६००० एककांचं असेल तर सात टक्के बचत हवी. रोज चांगल्या वेगाने धावणाऱ्या बोटीसाठी याचा विचार करता येईल. इंधन १००० चं असेल तर साडेबेचाळीस टक्के. विषय संपला. शिवाय फाउल-रिलीज रंगावरची घाण पाण्याच्या वेगाने सुटते. दिवसचे दिवस बांधलेल्या बोटीवर ती बसूनच राहते आणि मऊ स्पंजने काढावी लागते, कडक ब्रशने तर रंगच जातो. पुढे मन बदललं तरी अडचण आहे: सिलिकॉनवर दुसरा रंग धरत नाही, सगळा काढावा लागतो.

टप्पा ९: रंगवताना हिशेब बिघडू देऊ नका

दोन वर्षं धरलेला रंग आठ महिन्यांत सुटला तर वरचं सगळं गणित वाया. पुढचा क्रम मोडू नका.

१. आधी धुणं, मग ग्रीस-मेण काढणं, मग घासणं. फायबरच्या नव्या तळावर साच्याचं मेण असतं. आधीच घासलं तर ते ओरखड्यांत दाबलं जातं.

२. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २१ अंशांच्या थोडा वर असतो. म्हणजे तळ साडेचोवीसच्या खाली असेल तर थांबा. हवेचं नाही, तळाचं तापमान मोजा. पोलादी तळ सकाळी हवेहून थंड असतो.

३. इपॉक्सीवर चिकट, मेणचट थर आला तर आधी पाण्याने धुवा, मग घासा. उलट केलं तर पुढचा हात पोपड्यासारखा निघतो.

४. दोन हातांमधली किमान आणि कमाल वेळ दोन्ही पाळा. लोक किमान पाळतात, कमाल विसरतात.

५. कंगवा प्रत्येक चार-पाच चौरस मीटरला टेकवा. थिनर घातलं असेल तर त्या टक्क्याने ओला थर जाड ठेवा.

६. ॲनोडवर रंग लावू नका. ट्रान्सड्यूसरवर (खोली मोजणाऱ्या यंत्राच्या तळावरच्या भागावर) फक्त त्यासाठीचाच.

७. शेवटच्या हातापासून बोट पाण्यात सोडेपर्यंतची मुदत डेटाशीटवर असते. क्रेनची तारीख त्यावरून घ्या.

पहिला हात एका रंगाचा आणि वरचा दुसऱ्या रंगाचा द्या. ‘ब’ सारख्या झिजणाऱ्या रंगात खालचा रंग डोकावू लागला की राखीव थर सुरू झाला. तो महिना वहीत लिहा. महिन्याला ५ मायक्रॉन हा आपण धरलेला आकडा खरा होता की नाही, ते त्या तारखेवरून निघतं, आणि पुढच्या खेपेचे डबे त्यावर ठरवता येतात.